दिवाळीतलं काय ठेवायचं, काय सोडायचं?

मुठाकाठचा:
दसरा झाला की घरात दिवाळीची यादी निघते. यंदा ती करताना मी एकच प्रश्न विचारणार आहे: हे केलं नाही तर घरातल्या एकाला तरी चुकचुकेल का? नसेल तर ते बंद. ऑफिसातल्या लोकांना द्यायचे सुक्या मेव्याचे डबे बंद. पाडव्याला पहाटे सारसबागेत गर्दीत घुसून फोटो काढणं बंद. किल्ला मात्र राहणार. तयार प्लास्टरचा नव्हे हं, मातीचा. गेल्या वर्षी पोरांनी राजगड केला. सुवेळा आणि संजीवनी माची कुठल्या अंगाला, यावरून जिन्यात भांडणं झाली, शेवटी नकाशा काढावा लागला. हळीव उगवून आलं तेव्हा पद्मावती माचीवर तटबंदीपेक्षा जंगलच जास्त होतं. सुट्टीत खरा राजगड चढताना थोरली मला वाट सांगत होती. मला दिवाळीचा अर्थ विचाराल तर एवढाच.

शनिवारातली:
छान. आता ओटीवरचा चिखल कुणी धुतला तेही लिहा.
तुमच्या यादीत जे उरलं ते तुम्हाला करायला आवडतं म्हणून उरलं. अनारशाचं काय करणार? तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, फडक्यावर पसरा, दमट असतानाच कुटा, गूळ घालून मुरवत ठेवा, आणि एवढं करून तुपात सोडल्यावर अनारसा हसला, म्हणजे फुटून विरघळला, की सगळं पीठ वाया. चुकचुकणार सगळ्यांनाच, कारण खाणारे सगळे. करणारी एकटी. तुमच्या कसोटीवर अनारसे पास होतात आणि माझी कंबर नापास.

हडपसरकर:
म्हणून विकत आणावं. यात कमीपणा कसला? आमच्या इमारतीतल्या एक काकू कोजागिरीपासून चकल्यांच्या ऑर्डरी घेतात, भाजणी स्वतः दळून आणतात. त्यांची दिवाळी त्या पैशांवर होते. आणि मार्केट यार्डातल्या पूना मर्चंट्स चेंबरचे लाडू-चिवडा ना नफा ना तोटा भावाने मिळतात, तेही लोक वर्षानुवर्षं नेतातच की.

पेठेतलं खोड:
मूळ प्रश्नच चुकलाय. चुकचुकायला ती गोष्ट आधी अंगवळणी पडावी लागते. नरकचतुर्दशीला काळोखात उठवून अंगाला उटणं चोळायचे तेव्हा मला त्याचा संताप यायचा. डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं, त्याचा कडू रस जिभेला लावायचा, हा तर निव्वळ छळ वाटायचा. तेव्हा तुमच्यासारख्या कुणी आमच्याकडे मतदान घेतलं असतं तर आम्ही भावंडांनी एकमताने अभ्यंगस्नान रद्द केलं असतं. आज आई नाही, आणि वर्षातली तीच पहाट मला हवी असते. तुम्ही दहा वर्षांच्या पोरांना विचारून यादी छाटताय. चाळिशीत त्यांना कशाची आठवण येईल, हे त्यांना आत्ता कसं कळणार? परंपरा म्हणजे हॉटेलातलं मेनूकार्ड नव्हे.

मुठाकाठचा:
पण निवड तर प्रत्येक पिढीने केलीच आहे. दिवाळी अंक कुठल्या पोथीत सांगितलाय? १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने काढला आणि मराठी माणसाने तो फराळाच्या ताटाशेजारी ठेवून घेतला. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली सुरू केलेल्या संस्थेचा भाऊबीज निधी घ्या. पावतीपुस्तक घेऊन लोक घरी येतात, आपण ओवाळणीतलंच काही मुलींच्या शिक्षणाला देतो. कुणीतरी जुन्या सणात नवं घातलं, ते टिकलं. घालायची मुभा आहे, तर काढायचीही हवी.

पेठेतलं खोड:
काढा की. पण त्यांनी घातलं म्हणून आपणही काढू, हा हिशोब मला पटत नाही. त्यांनी भाऊबीज बंद करून निधी नाही सुरू केला.

शनिवारातली:
काकांना एक विचारते, राग मानू नका. त्या पहाटे तुमच्या आधी कोण उठायचं? पाणी तापवायला? तुमची आठवण सुंदर आहे, पण तुमच्या आईला ते सगळं हवं होतं की नाही, हे कुणी विचारलं होतं का? मी अनारसे सोडतेय. उटणं नाही सोडणार, पण यंदा पाणी नवरा तापवेल आणि मला शेवटी उठवेल.

पेठेतलं खोड:
आईला नव्हतं विचारलं. ते खरं.
पण मग अनारसे सोडण्याआधी तेही त्यालाच शिकवून बघा की. पीठ मुरायला आठवडा मिळतोच.

शनिवारातली:
तांदूळ वाया गेले तर तुमच्याकडून भरून घेईन.