मदत हवी आहे: निकॉन डी५६०० कॅमेऱ्यासाठी ३५ एमएम लेन्स घ्यावी की ५०? आणि दुकान पारखायचं कसं?

उंबरठा

कॅमेरा निकॉन डी५६००, सोबत आलेली १८-५५ एएफ-पी लेन्स. फोटो मुख्यतः दोन प्रकारचे. घरात संध्याकाळी, दिव्याच्या उजेडात, लहान मुलांचे. आणि सभागृहातल्या कार्यक्रमांचे, साधारण ८ मीटरवरून. घरात झूम ३५ वर असताना आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० करूनही शटर १/१५ सेकंदाच्या पुढे सरकत नाही. मूल जरा हललं की फोटो वाया. फ्लॅश वापरायचा नाही.

३५ एमएम एफ/१.८ घ्यावी (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त), ५० एमएम एफ/१.८, की सरळ १८-१४० झूम, म्हणजे एकातच सगळं?

एका दुकानात ५० एमएम एफ/१.८ डी दाखवली, त्याच लेन्सच्या नव्या 'जी' मॉडेलपेक्षा बरीच स्वस्त. "काच तीच आहे, फक्त जुनं मॉडेल" असं सांगितलं. खरं आहे का? दुसरीकडे ३५ एमएम वापरलेली मिळते आहे, ती घेताना काय बघायचं? आणि एकाच नव्या लेन्सच्या किमतीत दोन दुकानांत इतका फरक आहे की शंका येते. भरवशाचं दुकान ओळखायचं कसं?

तिपाई

'डी'चं आधी, कारण तिथे पैसे अडकतील. ५० एफ/१.८ डी मध्ये फोकसची मोटर नाही. ती कॅमेऱ्यातल्या मोटरवर चालते; माउंटच्या (लेन्स जिथे अडकते त्या कड्याच्या) कडेला स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकासारखा एक दांडा बाहेर डोकावतो, तो लेन्सच्या खाचेत बसून तिला फिरवतो. डी७००० मालिकेत तो आहे. डी३००० आणि डी५००० या दोन्ही मालिकांत नाही, म्हणजे तुमच्या डी५६०० मध्येही नाही. लेन्स बसेल, उजेड मोजेल, पण फोकस हाताने करावा लागेल. पळत्या मुलावर एफ/१.८ ला हाताने फोकस म्हणजे दहातले आठ फोटो गेले असं समजा.

"काच तीच" हेही चूक. डी मध्ये ५ गटांत ६ भिंगं, जी मध्ये ६ गटांत ७ आणि त्यातलं एक अ‍ॅस्फेरिकल (गोलाकार नसलेल्या पृष्ठभागाचं).

दुकानात डी लावून बघितलीच आणि पडद्यावर 'एफईई' आलं, तर लेन्स बिघडलेली नाही. तिच्यावर अ‍ॅपर्चरची (उजेड आत येण्याच्या भोकाची) वेगळी कडी असते, ती २२ वर नेऊन कुलूपबंद करावी लागते.

१८-१४० चा विचार या कामासाठी सोडा. तीही एफ/३.५-५.६, म्हणजे लांबी वाढेल, उजेड तेवढाच. तुमच्या किट लेन्सला (कॅमेऱ्यासोबत आलेल्या) ३५ वर फार तर एफ/४.५ च्या आसपास उघडता येतं. ४.५ भागिले १.८ म्हणजे २.५, त्याचा वर्ग ६.२५. सहापट उजेड. आत्ता १/१५ मिळतो तिथे साधारण १/९० मिळेल, आयएसओ ६४०० केलात तर १/१८० च्या आसपास. बसलेल्या मुलाला १/१२५ पुरतो, उड्या मारणाऱ्याला १/२५० लागतो.

व्हीआर (हाताचं हलणं सावरणारी सोय) नाही म्हणून प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, टाळू नका. व्हीआर तुमचा हात सावरतं, मुलाला स्थिर करत नाही.

आडवाउभा

३५ की ५० हा प्रश्न आवडीचा कमी, खोलीचा जास्त. डी५६०० चा सेन्सर २३.५ मिमी रुंद आहे. अंतर गुणिले २३.५, भागिले फोकल लेंथ, की चौकटीत किती रुंदी मावते ते निघतं. ३ मीटरवरून ३५ मध्ये २ मीटर मावतात, ५० मध्ये १.४ मीटर. दोन मुलं खेळण्यांसकट हवी असतील तर ५० ला पाठ भिंतीला टेकते.

हिशोब नको असेल तर किटचं झूम ३५ वर नेऊन कडीला चिकटपट्टी लावा आणि दोन संध्याकाळी तसंच काढा. मग ५० वर. फोटो हलतील, हलू देत, आपल्याला फक्त चौकट बघायची आहे. किंवा जुने घरातले फोटो उघडून एक्झिफमधली (फोटोबरोबर साठवलेल्या माहितीतली) फोकल लेंथ बघा. तुम्ही स्वतः कुठे थांबता ते तिथे लिहिलेलं असतं.

८ मीटरवरून मात्र ३५ मध्ये जवळजवळ साडेपाच मीटर रुंदी येते, म्हणजे अख्खं स्टेज आणि मुंगीएवढी माणसं. ५० मध्ये पावणेचार. एकट्या माणसाला उभ्या चौकटीत डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचं तर ८५ लागते: उभ्या बाजूला २.२ मीटर. एका लेन्समध्ये ही दोन्ही कामं बसवू नका. घराचं आधी सोडवा. स्टेजवर दिवे असतात, तिथे सध्या किट ५५ वर चालवा. काळ्या पडद्यापुढे कॅमेरा फसतो आणि चेहरे पांढरे करतो, त्यामुळे स्पॉट मीटरिंग (चौकटीतल्या एका छोट्या भागाचाच उजेड मोजणं) ठेवा किंवा एक्सपोजर उणे १ करा. पुढेमागे ८५ एफ/१.८ जी घेतलीत तर तिच्यात मोटर आहे, तुमच्या कॅमेऱ्यावर फोकस करेल.

काचकाम

वापरलेली ३५ बघायला जाताना स्वतःचा कॅमेरा, रिकामं कार्ड आणि मोबाइलचा टॉर्च न्या.

आधी पाठीमागचं माउंट. तिथल्या स्क्रूंच्या खाचा घासलेल्या असतील तर लेन्स कुणीतरी उघडलेली आहे. माउंटभोवती रबराची बारीक कड असते, ती फाटलेली नको.

मग काच. 'जी' प्रकारची लेन्स कॅमेऱ्यावरून काढली की अ‍ॅपर्चरची पाती मिटलेली असतात, त्यामुळे नुसतं डोकावून आतलं दिसत नाही. मागे एक छोटी पट्टी असते, ती नखाने हलकेच सरकवून धरली की पाती उघडतात. तशी धरून मागून टॉर्च तिरका मारा आणि समोरून बघा. सरळ मारलात तर डोळे दिपतात आणि बुरशी नेमकी लपते. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले धागे दिसले तर ती बुरशी, खाली ठेवा. ती काचेवरचं कोटिंग खाते. पुसली तरी डाग राहतो. सगळीकडे धुकट दिसलं तर आतल्या तेलाची वाफ बसलेली असू शकते, दिव्यासमोरच्या फोटोत तिच्याने सगळा कॉन्ट्रास्ट धुऊन जातो. धुळीचे चार-दोन कण मात्र फोटोत दिसत नाहीत. पुढच्या काचेवरच्या बारीक ओरखड्याचं फार मनाला लावून घेऊ नका. मागच्या काचेवरचा ओरखडा जास्त त्रास देतो.

तीच पट्टी सोडली की पाती झटकन मिटली पाहिजेत. रेंगाळली तर पात्यांवर तेल आहे. कॅमेऱ्यावर लावून एफ/८ ला सलग दहा फोटो घ्या. एखादा मध्येच जास्त उजळ आला तरी अर्थ तोच.

मोटरसाठी ३० सेंमीवरच्या वस्तूवरून दूरच्या भिंतीवर आणि परत, असं पंधरा वेळा फोकस करा. बारीक किंचाळल्यासारखा आवाज किंवा मध्येच अडकणं म्हणजे मोटर जायला आली आहे, आणि तिची दुरुस्ती वापरलेल्या लेन्सच्या किमतीला परवडत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डी५६०० मध्ये एएफ फाइन-ट्यून (लेन्सचा फोकस कॅमेऱ्याशी जुळवून घेण्याची सोय) नाही. लेन्स आणि कॅमेऱ्याचं जमत नसेल तर ते घरी दुरुस्त होत नाही, म्हणून पडताळणी दुकानातच. छापील कागद ४५ अंशांत कलता ठेवा, कॅमेरा दीड मीटरवर टेकवून, एफ/१.८, मधला एकच फोकस पॉइंट. दर वेळी आधी फोकस मुद्दाम बिघडवा आणि मग व्ह्यूफाइंडरमधून घ्या, असे पाच फोटो. नंतर तेच लाइव्ह व्ह्यूमध्ये. लाइव्ह व्ह्यू सेन्सरवरूनच फोकस ठरवतं, म्हणून तो तुमचा निकष. व्ह्यूफाइंडरचे पाचही फोटो एकाच बाजूला सरकलेले दिसले तर ती लेन्स तुमच्या कॅमेऱ्यासाठी नाही, दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर चांगली चालेलही. पाच फोटो पाच दिशांना गेले तर उजेड कमी आहे, जागा बदलून पुन्हा करा.

पडलेल्या लेन्सची भिंगं कलतात. विटांच्या भिंतीसमोर एफ/२.८ ला फोटो घेऊन चारही कोपरे मोठे करून बघा. चारही सारखेच धूसर, तर तो लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा गेलेला असेल तर कॅमेरा उलटा धरून पुन्हा घ्या. फोटोचा तोच कोपरा खराब आला तर दोष लेन्सचा, भिंतीचा तोच भाग खराब आला तर तुमचं धरणं तिरकं.

रोखठोक

दुकानाचं मी सांगतो. पाटीवर जाऊ नका, बिलावर जा.

बिलावर लेन्सचं पूर्ण नाव आणि सिरियल नंबर हवा. लेन्सवर, खोक्यावर, वॉरंटी कार्डावर आणि बिलावर नंबर एकच. "बिलात नंबर टाकत नाही आम्ही" म्हणाले की विषय संपला, कारण उद्या तुम्ही परत आणलेली लेन्स याच दुकानाची आहे हे सिद्ध कशावरून करणार?

दुसरा प्रश्न: वॉरंटी कुणाची? कंपनीची तुमच्या देशातली, आयात करणाऱ्याची, की दुकानाची? किमतीतला फरक बहुतेक वेळा इथेच असतो. कंपनीच्या अधिकृत वाटेने न आलेला माल, म्हणजे ग्रे मार्केट, नकली नसतो. काच तीच, कारखाना तोच. पण बिघडली की अधिकृत सर्व्हिस सेंटर मोफत दुरुस्ती नाकारतं, आणि काही ठिकाणी पैसे देऊनही हात लावत नाही. हे समजून-उमजून घेतलंत तर घ्या. "इंटरनॅशनल वॉरंटी" एवढ्या दोन शब्दांवर मात्र घेऊ नका. कार्ड उघडून देशाचं नाव वाचा, आणि विक्रेता अधिकृत यादीत आहे का ते कंपनीच्या साइटवर बघा. दुकानदाराने भिंतीला लावलेलं प्रमाणपत्र पुरेसं नाही.

१८-१४० वर एक सावधगिरी, पुढे कधी घेतलीत तर. ती कॅमेऱ्यासोबत किटमध्येही विकली गेली. किट फोडून कॅमेरा वेगळा आणि लेन्स वेगळी विकतात, लेन्स पांढऱ्या साध्या खोक्यात येते. माल खरा असतो, पण वॉरंटी कार्ड कॅमेऱ्याबरोबर गेलेलं असतं. असं खोकं दिसलं तर आधी कार्ड मागा.

आणखी एक चाल म्हणजे फोनवर कमी भाव सांगायचा, दुकानात गेलं की हूड (पुढची सावलीची कडी) आणि मागचं झाकण "वेगळं घ्यावं लागेल". ३५ एफ/१.८ जी डीएक्सच्या (डीएक्स म्हणजे डी५६०० सारख्या लहान सेन्सरसाठीची) नव्या खोक्यात हूड आणि दोन्ही झाकणं असतातच. फोडलेलं खोकं आहे एवढाच त्याचा अर्थ.

चांगला दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "कॅमेरा कुठला?" तुम्हाला डी दाखवणाऱ्याने तो विचारला नव्हता असं दिसतं. किंवा विचारून दाखवली, ते आणखी वाईट. वापरलेल्या मालावर परतीची मुदत लेखी घ्या, सात दिवस असले तरी पुष्कळ झाले. तोंडी मुदत म्हणजे मुदत नाही.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. घरातले शेवटचे ३०० फोटो तपासले, निम्म्याहून जास्त २४ ते ३८ मधले निघाले. म्हणजे ३५ नक्की. डी सोडली. वापरलेल्या ३५ मध्ये टॉर्चखाली तीन-चार कण दिसले, धागे नाहीत, पाती झटकन मिटतात. दुकानदार बिलावर नंबर लिहून द्यायला तयार आहे, पण फोकसची चाचणी "घरी जाऊन करा" म्हणतो. दोन शंका: पुढे मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घेतला तर ही वाया जाईल का? आणि सुरुवातीला सेटिंग काय ठेवू?

तिपाई

वाया जात नाही. निकॉनच्या झेड या मिररलेस कॅमेऱ्यांवर एफटीझेड अडॅप्टर (जुन्या लेन्स जोडणारा) लावून फोकससकट चालते, कारण मोटर लेन्समध्येच आहे. डी घेतली असतीत तर तिथेही अडकला असतात, त्या अडॅप्टरमध्ये मोटर नाही. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) झेडवर ३५ डीएक्स लावली तर कॅमेरा चौकट कापून घेतो, एवढं लक्षात ठेवा.

सेटिंग: ए मोड (अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा), एफ/२.२, ऑटो आयएसओची कमाल ६४००, किमान शटर १/२००. सरळ एफ/१.८ ने सुरू करू नका. २ मीटरवर १.८ ला पुढे-मागे मिळून साधारण २३ सेंमी स्पष्ट येतं, २.२ ला २८-२९. एक मूल असेल तर फरक पडत नाही, दोन मुलं मागेपुढे बसली की पडतो.

आडवाउभा

१/२०० ला एक पुस्ती. साध्या एलईडी दिव्यांखाली त्या वेगाला फोटोत आडवे फिकट पट्टे येऊ शकतात, किंवा एक फोटो पिवळट आणि पुढचा पांढरा. तो लेन्सचा दोष नव्हे, दिवा लुकलुकतो. ५० हर्ट्झच्या विजेवर १/१००, ६० वर १/१२५ करून बघा. पट्टे गेले तर दिवा बदला, लेन्स परत करायला धावू नका.

काचकाम

"घरी जाऊन करा" चालेल, पण सात दिवसांची परतीची मुदत लेखी असेल तरच, आणि त्यात 'फोकस जुळला नाही तर' हे शब्द घालून घ्या. नाहीतर नंतर "लेन्स तर चांगली आहे" असं ऐकावं लागतं, आणि ते खरंही असतं. पहिल्याच दिवशी चाचणी करा, मूळ फोटो जपून ठेवा.

आणि तीन-चार कणांपायी लेन्स साफ करायला उघडू नका. बंद डब्यात, आर्द्रता ४० ते ५० टक्के, आत छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा), अशी लेन्स ठेवा. सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास, पुन्हा निळे होतात. कापडी किंवा चामड्याच्या पिशवीत महिनोन्महिने ठेवू नका, ती ओल धरून ठेवते.

रोखठोक

दुकानदार फिल्टर गळ्यात मारायला बघेल. किट लेन्सचा फिल्टर ५५ मिमी आहे, ३५ ला ५२ मिमी लागतो, त्यामुळे जुना बसणार नाही. हूड लावा, तूर्त तेवढं बस.