वाड्याचे पैसे आणि गळ्यातली माळ

पेठकर: सदाशिव पेठेतील आमच्या जुन्या वाड्याच्या पुनर्विकासात सदनिकेखेरीज बरीच मोठी रक्कम माझ्या वाट्याला आली असून ती सध्या मुदत ठेवीत आहे. गळ्यात माळ आहे, एकादशी चुकत नाही. परंतु हल्ली हरिपाठ चालू असताना व्याज जमा झाल्याचा संदेश वाजला की हात मोबाईलकडे जातो. ही आपल्या म्हातारपणाची सोय आहे, असे पत्नीचे म्हणणे आहे. तुकोबांनी कर्जाची खते इंद्रायणीत बुडविली, मग माळकऱ्याने ठेव बाळगणे भक्तीत बसते का?

टाळकरी: खतांचा प्रसंग आपण अर्धाच सांगितलात. परंपरेने आलेल्या चरित्रात, १६३० च्या सुमाराच्या दुष्काळानंतर तुकोबांनी वडिलोपार्जित सावकारीच्या खतांची धाकटे बंधू कान्होबा यांच्याशी वाटणी केली, त्यांचा अर्धा हिस्सा त्यांच्या हाती दिला आणि केवळ स्वतःच्या वाट्याची खते डोहात सोडली. भावाच्या संसाराच्या वतीने त्यांनी वैराग्य पत्करले नाही. आपणही पत्नीच्या वतीने पत्करू नये. शिवाय त्या खतांखाली दुष्काळाने नाडलेली कुळे दबलेली होती. आपल्या ठेवीखाली कोणी दबलेले नाही. ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी’ असे तुकोबाच सांगतात आणि त्याच अभंगात पुढे गाईपशूंचे पालन व रानात तहानलेल्याला पाणी, असा वेचण्याचा मार्गही येतो.

निवृत्त हिशेबनीस: टाळकरींनी आपल्याला फार स्वस्तात सोडले, असे माझे मत आहे. अडचण ठेवीची नसून मोबाईलकडे जाणाऱ्या हाताची आहे. जनार्दनस्वामींकडे हिशेब लिहिणाऱ्या एकनाथांना रात्रभर शोधून एका पैची चूक सापडली तेव्हा त्यांना अत्यानंद झाला. हीच एकाग्रता भगवंताकडे लावली तर काय होईल, असे स्वामींनी त्यांना सुचविले, अशी कथा आहे. पुढे नाथांनी पैठणला प्रपंच थाटला, तो मोडला नाही. आपण निदान संदेशाचा आवाज तरी बंद करावा.

भवानी पेठ: आषाढी वारीत माउलींची पालखी आमच्या पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात मुक्कामी असते. त्या दिवसांत वारकऱ्यांच्या जेवणापासून चपला शिवून देण्यापर्यंत पैसे लागणारी कितीतरी कामे असतात. तेथे द्यावे, मात्र देणगीदारांच्या फरशीवर नाव कोरून घेऊ नये. परतफेडीच्या किंवा फळाच्या अपेक्षेने दिलेले दान गीतेच्या सतराव्या अध्यायात राजस ठरविले आहे.

पेठकर: आभारी आहे. निम्मी रक्कम पत्नीच्या नावे करण्याचे आज घरी ठरले. माझ्या निम्म्याचे व्याज वारीसाठी देईन. एकच शंका उरते: देणगीची पावती दाखवून आयकरात सवलत घेतली, तर ते दानही राजस होते का?

निवृत्त हिशेबनीस: सवलतीसाठी दिले असेल तर होते. देऊन झाल्यावर सवलत मिळत असेल तर ती अवश्य घ्यावी आणि वाचलेली रक्कमही त्याच कामी लावावी.