उत्तर न आलेली ऑर्डर

शेअर बाजारात आपोआप खरेदी-विक्रीच्या ऑर्डरी देणारा प्रोग्रॅम, म्हणजे रोबोट, पाच वर्षांच्या जुन्या भावांवर चालवून पाहिल्यावर नफ्यात दिसला, की तो बाजारात उतरवायला हरकत नाही, असे म्हणतात; हा मुद्दा मला अर्धाच पटतो. अशा चाचणीत प्रत्येक ऑर्डर तत्क्षणी पूर्ण होते, आणि ती पोहोचल्याचे उत्तरही येते; प्रत्यक्ष बाजारात तसे होईलच असे नाही.

माझ्या दादरच्या घरी चालणाऱ्या रोबोटने एका सकाळी सव्वानऊला बाजार उघडताच निफ्टी फ्युचरचा (निफ्टी निर्देशांकावरच्या वायदा कराराचा) एक लॉट, म्हणजे ठरलेल्या संख्येचा एक गट, घेण्याची ऑर्डर पाठवली. ब्रोकरच्या सर्व्हरकडून तीन सेकंदांत उत्तर आले नाही, म्हणून मीच लिहिलेल्या कोडप्रमाणे ती आणखी दोनदा पाठवली, आणि मिनिटभरात पडद्यावर एकाऐवजी तीन लॉट उभे राहिले, कारण तिन्ही ऑर्डरी एक्स्चेंजपर्यंत पोहोचल्या होत्या, अडकले होते ते फक्त उत्तर. जास्तीचे दोन लॉट मला तोट्यात विकावे लागले. आता प्रत्येक ऑर्डरला मी स्वतंत्र टॅग, म्हणजे ओळखखूण, देतो. उत्तर आले नाही, तर रोबोट आधी ऑर्डर बुकमध्ये (ब्रोकरकडच्या माझ्या ऑर्डरींच्या यादीत) तो टॅग शोधतो, आणि ऑर्डर बुकच उघडले नाही, तर नवी ऑर्डर न पाठवता थांबतो व मला फोनवर कळवतो.