जीन टेस्टमध्ये जीबीए निघालं, डीबीएस करावी की नको?

केतकी: बाबांना बरीच वर्षं पार्किन्सन्स आहे, आत्यालाही होता. हल्ली गोळीचा इफेक्ट दोन तासांत उतरतो की जागच्या जागी जाम होतात, आणि इफेक्ट असतो तेव्हा अंग वेडंवाकडं हलत राहतं. डॉक्टर डीबीएस (मेंदूत तार बसवून करंट द्यायचं ऑपरेशन) म्हणतायत. पण जीन टेस्टमध्ये जीबीए (पार्किन्सन्सचा धोका वाढवणारा जीनमधला बदल) निघालं आणि नेटवर वाचलं की अशांनी करूच नये. खरंय का? आणि मुळात आजार जीनमधून आला असेल तर करंट देऊन काय होणार?

रानवारा: जीन तेच राहणार, पण ताई डीबीएस कुणाचाच आजार थांबवत नाही, आनुवंशिक असो नसो. मेंदूत खोल तार सोडतात, बॅटरी कॉलरबोनखाली, आणि हालचालीच्या सर्किटमधली बिघडलेली लय करंटने मोडतात. फ्रान्समधल्या ग्रेनोबलला न्यूरोसर्जन बेनाबिदांनी 1987 मध्ये कंपासाठी सुरू केलं तेव्हा जीन्सचा कुणी विचारही केला नव्हता. पार्किन आणि एलआरआरके2 या पार्किन्सन्सशी जोडलेल्या दुसऱ्या जीन्सचे बरेचसे पेशंट छान सुधारतात.

जुनाखोड: पण प्रश्न जीबीएचा आहे ना, तो टाळू नका. हातपाय त्यांचेही सुटतात, काळजी आहे ती स्मरणशक्ती आणि विचार करण्याची. जीबीएमध्ये ती तशीही लवकर घसरते आणि 2022 च्या एका तुलनेत जीबीए असून डीबीएस केलेल्यांची जास्त वेगाने घसरलेली दिसली. म्हणून "करूच नये" असं नाही, पण आधी न्यूरोसायकॉलॉजीची सविस्तर टेस्ट करून घ्या, नुसत्या पाच मिनिटांच्या प्रश्नांवर भागवू नका. सबथॅलॅमिकऐवजी जीपीआयमध्ये (तार टाकायच्या मेंदूतल्या या दोन वेगळ्या जागा) तार टाकता येईल का हेही विचारा, अंग हलणं त्याने चांगलं कमी होतं.

रानवारा: बरोबर. आणि लेवोडोपा (पार्किन्सन्सच्या गोळीतलं मुख्य औषध) चॅलेंज टेस्ट झाली का? रात्रभर गोळी बंद ठेवून हालचालींचा स्कोअर काढतात, मग गोळी देऊन परत. साधारण 30 टक्के तरी फरक हवा. जे गोळीने सुधारत नाही, म्हणजे बोलणं, तोल जाणं, ते सहसा करंटनेही सुधारत नाही (कंप सोडून), हे घरच्यांना कुणी आधी सांगत नाही आणि मग सगळे नाराज.

केतकी: चॅलेंज झाली, फरक भरपूर होता. स्मरणशक्तीची टेस्ट नाही झाली, ती आधी मागते. मग मी पण जीन टेस्ट करू का?

जुनाखोड: घाई नको. जीबीए असलेल्या बहुतेकांना पार्किन्सन्स होतच नाही. करायचीच तर आधी जेनेटिक काउन्सेलरशी बोला.