विषय: पोकर चिपांचं प्रूफ आलंय, आकडा छापायचा की नाही ते सांगा

नाना:
मंडळी, आपल्या पोकरच्या चिपांचं, म्हणजे डावात लावायच्या चकत्यांचं, प्रूफ (छपाईआधीचा नमुना) जोडलंय. सिरॅमिक, ३९ मिलिमीटर, ६०० नग, ठरलं होतं तसंच. अडलंय एकाच गोष्टीवर, चिपेवर आकडा छापायचा की नुसता रंग आणि मंडळाचं चिन्ह. बापू मागच्या मीटिंगपासून आकडा नको म्हणतायत, माई हवाच म्हणतायत. शुक्रवारच्या आत बोला, नाहीतर आपला छपाईचा नंबर मागे जाईल. चिन्हाच्या फॉन्टवर पुन्हा चर्चा नको, ती झालीय.

बापू:
नाना, माझं म्हणणं नीट मांडा ना. मला एकाच प्रकारच्या खेळात अडकायचं नाहीये, एवढंच. आज २५, १००, ५०० छापून ठेवलं आणि उद्या चारपाच जणांना १-२ पॉइंटच्या ब्लाइंडवर (पत्ते वाटण्याआधी दोघांनी सक्तीनं लावायची बोली) निवांत खेळायचं असेल तर हा सगळा सेट कपाटात राहणार. आकडा नसला की लाल म्हणजे आज ५, उद्या ५००, भिंतीवर कागद लावला की काम झालं. आणि दुसरं म्हणजे वजन, ते कोणी मनावर घेत नाहीये. १० ग्रॅमची चिप हाताला लागतच नाही. माझ्याकडच्या १४ ग्रॅमच्या आहेत, थप्पी ठेवली की टेबलाला कळतं.

माई:
भिंतीवरचा कागद कोणी बघत नाही हो बापू. डीलरच्या जागी मी बसते, मला माहितीये. नवा माणूस मध्येच विचारतो, हिरवी कितीची, आणि विचारलं की बाकीच्या सगळ्यांना समजतं की हा आता हिरव्या टाकायच्या विचारात आहे. म्हणजे त्याचा डाव तिथेच उघडा पडला. त्यात कोणी ऑल-इन गेलं, म्हणजे जवळच्या सगळ्या चिपा लावल्या, की मोजणी सुरू, एकजण म्हणतो काळी १००ची, दुसरा म्हणतो मागच्या वेळी ५००ची होती ना. दोघंही खरं बोलत असतात, कारण मागच्या वेळी होतीच ५००ची. आकडा छापा.

भाऊ:
बापूकाका, फक्त वजनाबद्दल. १४ ग्रॅमच्या चिपेत आतमध्ये धातूची चकती असते, वजन तिचंच. कॅसिनोत वापरतात त्या मातीच्या मिश्रणाच्या चिपा साधारण ८ ते १० ग्रॅमच्याच असतात, तेव्हा जड म्हणजे भारी प्रतीची असं काही नाही. शिवाय ६०० नग १४ ग्रॅमनं धरले तर ८.४ किलो होतात, १० ग्रॅमनं ६ किलो. पेटी उचलणारा मीच असतो. मागच्या पेटीचं कुलूप वजनानंच निसटलं आणि जिन्यावर सगळ्या चिपा पसरल्या होत्या ते आठवत असेलच.

खजिनदार:
पेटीचा विषय निघालाच आहे तर सांगते. नवा सेट मंडळाच्या कपाटात राहील, कोणाच्या घरी नाही, आणि नेताना-आणताना मोजून सही होईल. २०-२०च्या थप्प्या, १००चा एक ट्रे, म्हणजे ६ ट्रेमध्ये सगळं एका नजरेत मोजता येतं, सबब चालणार नाही. जुन्या सेटमधल्या काळ्या चिपा कुठे गेल्या ते अजून मला कोणी सांगितलेलं नाही.

बापू:
काळ्या चिपा माझ्याकडे नाहीत. तीनदा सांगून झालंय.

नव्या वहिनी:
नमस्कार, मी मध्ये बोलतेय पण प्रूफ बघून राहवलं नाही. सगळेजण चिपेच्या तोंडाबद्दल बोलतायत आणि खेळताना तोंड दिसतं फक्त सगळ्यात वरच्या चिपेचं, बाकी थप्पी दिसते ती बाजूनं. म्हणजे आधी कडा बघायला हवी. प्रूफमध्ये १००ची काळी आणि ५००ची जांभळी आहे, दोन्हींच्या कडेला पांढरे पट्टे, रुंदीही तीच, संख्याही तीच. टेबलावर पिवळा दिवा असला की ती जांभळी काळ्यात मिसळणारच आणि थप्पीत एखादी ५००ची घुसली तर समोरच्याला पत्ताच लागणार नाही, आणि त्याच अंदाजावर तो कॉल करणार, म्हणजे बरोबरीच्या चिपा लावणार, यावर तर खेळ उभा आहे. लाल-हिरव्याचंही तेच, ज्यांना हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत अशी माणसं आपल्यातही आहेत, त्यांना पट्ट्यांची संख्याच कामाला येते. माझं म्हणणं, २५ला ३ रुंद पट्टे, १००ला ४, ५००ला ६ बारीक, असं काहीतरी करा आणि एक रंग मुद्दाम फिका ठेवा. सिरॅमिकवर कडेलाही छपाई होते, तो फायदा घ्या ना. फक्त तोंडावरची नक्षी आणि कडेचे पट्टे अगदी जुळवून मागू नका, थोडं इकडेतिकडे सरकतं आणि मग प्रत्येक चिप चुकल्यासारखी दिसते.

माई:
वहिनी, हे पटलं. पण आकडा?

नव्या वहिनी:
आकडा हवाच, मोठा, मधोमध. चिन्ह लहान करा.

नाना:
चिन्ह लहान होणार नाही, ते कार्यकारिणीत मंजूर झालेलं आहे.

आबा:
आकडा छापायचाच तर देवनागरीत छापा. मंडळाचा सेट आहे, आपले अंक असायला काय हरकत आहे. आणि ही सिरॅमिक चिप कपबशीसारखी पडली की फुटणार नाही ना?

भाऊ:
आबा, फुटत नाही, नावालाच सिरॅमिक, प्रत्यक्षात प्लास्टिकच्या जातीचीच असते. छपाईसुद्धा उष्णतेनं वरच्या थरात मुरवलेली असते, स्टिकर नसतो, त्यामुळे जुन्या सेटसारखे कोपरे उचलले जाणार नाहीत, ओल्या कपड्यानं पुसता येतात. खरबरीत पृष्ठभागाच्या घ्या मात्र, गुळगुळीत असली की २०ची थप्पी घसरते.

देवनागरी अंकांबद्दल, माझ्या मुलांना आणि त्यांच्या मित्रांना वाचता येत नाहीत आणि खेळायला तेच जास्त येतात. एका बाजूला देवनागरी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी चालेल का? दोन्ही तोंडांना वेगळी छपाई करून मिळते.

आबा:
चालेल. पण १ची गाठ नीट काढायला सांगा, लहान अक्षरात १ आणि ९ सारखे दिसतात.

बापू:
म्हणजे आकडा ठरलाच म्हणायचा. ठीक. मग माझं एवढं ऐका, आकड्याआधी कुठल्याही देशाच्या चलनाचं चिन्ह नको, नुसता आकडा. आणि २५च्या चिपा खूप मागवू नका, चौथ्या लेव्हलनंतर (ब्लाइंड वाढवायचा टप्पा) त्या काढूनच घेतो.

माई:
हे बापूंचं बरोबर आहे. मी हिशोब लावलाय. माणशी २५च्या ८, १००च्या ८, ५००च्या ४ आणि १०००च्या ७, झाले १०,०००, २७ चिपा. ब्लाइंड २५-५० असल्यावर सुरुवात आरामात होते. १६ जणांना अनुक्रमे १२८, १२८, ६४, ११२ लागतात. म्हणून १४०, १४०, ८०, १६० आणि ५०००च्या ८०, बरोबर ६००. २५च्या काढल्या की सगळ्या मिळून ३,२०० होतात, त्या मोठ्या चिपांनी बदलून देता येतात. पुन्हा बाय-इन करणाऱ्याला, म्हणजे सगळ्या चिपा हरून नव्या घेणाऱ्याला, थेट १०००च्या आणि ५०००ची द्यायची, सुट्टे शेजाऱ्याकडून होतात.

खजिनदार:
फुटकळ हरवल्या तर? प्रत्येक रंगाच्या थोड्या जास्त घ्या. नंतर मागवलेल्या खेपेचा रंग पहिल्या खेपेशी जुळेलच असं नाही.

नाना:
मग हे असं कळवतो. आकडा मधोमध, एका बाजूला देवनागरी, एका बाजूला इंग्रजी, चलनाचं चिन्ह नाही. कडेचे पट्टे वहिनी सांगतील तसे, वहिनी, पाचही रंगांचं उद्याच पाठवा. नग माईंचे, वर प्रत्येक रंगाच्या १० खजिनदारांसाठी. सगळी छपाई सुरू व्हायच्या आधी प्रत्येक रंगाची एक खरी चिप मागवतोय, स्क्रीनवरचा रंग आणि छापून आलेला रंग एक नसतो, ती पिवळ्या दिव्याखाली ठेवून बघू. चिन्हाचा आकार मी कार्यकारिणीला विचारतो.

आबा:
डीलर बटण, म्हणजे पत्ते वाटायची पाळी कोणाची ते दाखवणारी चकती, कोण मागवतंय? जुनं बापूंकडे आहे.