ग्रहणासाठी विस्पर रिसीव्हर: 20 मीटरला स्पॉटच येत नाहीत

बाल्कनी_डायपोल
2 ऑगस्ट 2027 च्या सूर्यग्रहणात आयनोस्फिअरच्या (रेडिओलहरी परतवणाऱ्या वातावरणातल्या वरच्या थराच्या) अभ्यासाला नोंदी द्यायच्या आहेत, म्हणून विस्पर (हौशी रेडिओचे अगदी क्षीण सिग्नल आपोआप ओळखायची पद्धत) रिसीव्हर आतापासून चालू ठेवलाय. आरटीएल-एसडीआर व्ही3 (संगणकाला लावायचा रेडिओ डोंगल), रास्पबेरी पाय 4 (छोटा संगणक), पुण्यात चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत 10 मीटर वायर. 20 मीटरला (14 मेगाहर्ट्झचा बँड) दिवसभरात दोन-चार स्पॉट (ओळखलेल्या प्रसारणांच्या नोंदी). डोंगल बदलू का? यावरच डॉपलरही (लहरीचा मार्ग बदलल्याने वारंवारता किती सरकते ते) मोजता येईल?

क्यूआरपी_काका
डोंगल राहू द्या, बँड बदला. व्ही3 एचएफवर (3 ते 30 मेगाहर्ट्झ) 28.8 मेगाहर्ट्झने डायरेक्ट सॅम्पलिंग करतो (अँटेनाच्या सिग्नलचे थेट नमुने घेतो), त्यामुळे त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे 14.4 च्या वरचं सगळं खाली दुमडतं. तुमच्या 14.0971 वर 14.7029 चा कचरा येऊन बसतो. मध्ये जेमतेम 600 किलोहर्ट्झ. तेवढ्यात कापणारा फिल्टर घरी बनवायच्या फंदात पडू नका.

40 मीटरलाही (7 मेगाहर्ट्झ) अशी दुमडलेली प्रतिमा आहेच. 7.0401 वर 21.76 येतं, म्हणजे 13 मीटरची ब्रॉडकास्ट स्टेशनं. पण ती 10 मेगाहर्ट्झच्या साध्या लो-पास फिल्टरने (त्यावरचं सगळं अडवणाऱ्या) जातात. डायल 7.0386, यूएसबी म्हणजे अपर साइडबँड. ग्रहणासाठी हा बँड तसाही कामाचा: 2017 च्या अमेरिकेतल्या ग्रहणात हॅमसायच्या (हौशी रेडिओवाल्यांच्या विज्ञान गटाच्या) नोंदींमध्ये 14 मेगाहर्ट्झचे स्पॉट घटले, 7 आणि त्याखालचे बँड मात्र उघडले.

वायरला 9:1 ट्रान्सफॉर्मर (वायरचा जास्त इम्पिडन्स 50 ओहमजवळ आणणारा) लावा आणि डोंगलजवळ आरजी-174 या बारीक कोॲक्स केबलचे एफटी240-31 टोरॉइडवर (फेराइटच्या कड्यावर) 10 वेढे द्या. नाहीतर चार्जरचा खरखराट शील्डवरून थेट वायरपर्यंत पोचतो. एकदा लॅपटॉप बॅटरीवर चालवून घराचा मेन स्विच पाडून बघा. नॉइज धाडकन खाली आला तर चोर घरातच आहे, बहुतेक एखादा एलईडी दिवा.

सम_मिनिट
घड्याळही तपासा. विस्परचं प्रसारण सम मिनिटाच्या पहिल्या सेकंदाला सुरू होऊन 110.6 सेकंद चालतं. घड्याळ दोनेक सेकंदांपलीकडे चुकलं की डीकोड बंद. पाय 4 ला आरटीसी (वीज गेली तरी चालणारं घड्याळ) नाही. वीज गेली, आली, राऊटर उशिरा उठला, तर तोवरच्या नोंदी शून्य. आणि विश्लेषण करणाऱ्याला ते शून्य ग्रहणाचा परिणाम वाटू शकतं! डीएस3231 हे घड्याळाचं मॉड्यूल बसवा, क्रोनी (इंटरनेटवरून वेळ जुळवणारा प्रोग्रॅम) चालवा, बंद पडल्याच्या वेळा लिहून ठेवा.

डॉपलर विसरा. 10 मेगाहर्ट्झला 1 हर्ट्झ सरकणं म्हणजे लहरीचा मार्ग सेकंदाला 30 मीटरने बदलणं. व्ही3 चा टीसीएक्सओ (वारंवारता ठरवणारा क्रिस्टल) 1 पीपीएमचा (दहा लाखांत एक), म्हणजे तिथे 10 हर्ट्झपर्यंत चूक. डॉपलरला जीपीएसडीओच (जीपीएसने वारंवारता अचूक ठेवणारा ऑसिलेटर) लागतो. शिवाय आपल्याकडे 10 मेगाहर्ट्झला चीनचं बीपीएम आणि हवाईचं डब्ल्यूडब्ल्यूव्हीएच ही वेळेचे सिग्नल देणारी स्टेशनं एकाच वारंवारतेवर. कोणाचा कॅरियर मोजताय, हेच कळत नाही.

क्यूआरपी_काका
लोकेटर (ठिकाणाचा ग्रिड-कोड) सहा अक्षरी भरा. नुसतं एमके68 (पुण्याचा चौकोन) लिहिलं तर चौकोन सुमारे 210 बाय 110 किलोमीटरचा होतो. ग्रहणाच्या आधी-नंतर दोन-दोन आठवडे वायर हलवू नका. तुलनेला तेच दिवस लागतात.

बाल्कनी_डायपोल
लो-पास 9:1 च्या आधी की नंतर?

क्यूआरपी_काका
नंतर, डोंगलला लागून. फिल्टर 50 ओहमचा असतो, वायर नसते.