दिवाळीनंतर बेळगावला हजर व्हायचंय, घरची घडी कशी बसवून जाऊ?

माणदेशी_१९

राम राम मंडळी. मी माण तालुक्यातला, वय १९. अग्निवीर जनरल ड्यूटीच्या मेरीट लिस्टमध्ये माझा नंबर लागला. मेडिकल, पोलीस व्हेरिफिकेशन सगळं झालं. दिवाळी झाली की बेळगावला मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या ट्रेनिंग सेंटरला हजर व्हायचंय. हातात पाच आठवडे आहेत.

बॅगेत काय न्यायचं ते विचारत नाही, ती यादी मिळाली आहे. मला घराचं विचारायचंय.

तीन वर्षं पहाटे साडेचारला उठून म्हसवड रस्त्याला पळालो. सोळाशे मीटर ५ मिनिटं १८ सेकंदांत काढले, दहा बीम (पुल-अप) मारले. त्या तीन वर्षांत एकदाही मनात आलं नाही की आपण गेल्यावर मागं कोण काय करणार. लिस्ट लागली त्या रात्री झोपच लागली नाही.

साडेतीन एकर रान, त्यातलं दीड एकर विहिरीवर भिजतं. दोन म्हशी. घरी आई, वडील, आजी आणि दहावीतली बहीण. दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या मणक्याला मार बसला, डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली आहे. लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीचं पाणी मीच धरतो. पीएम किसानची केवायसी, ई-पीक पाहणी, पीक विमा, सोसायटीचं कर्ज, लाईटबिल, सगळं माझ्या मोबाईलवर. वडिलांना फोन उचलता येतो, बाकी काही नाही.

वडील माझ्या जाण्याच्या विरोधात नाहीत. पण बोलतही नाहीत. परवा मी उठायच्या आत त्यांनी वैरणीचा भारा एकट्यानं उचलून गोठ्यात नेला. मी ओरडलो तर म्हणाले, "आता सवय करायला पाहिजे."

एक म्हैस विकून टाकावी का? वाटेकरी बघावा का? ज्यांच्या घरातून कुणी गेलंय त्यांनी सांगा. फौजेतल्या काकांनी, दादांनी तर सांगाच.

---

निवृत्त_हवालदार_सातारा

बाळा, आधी अभिनंदन. मी १९८८ ला त्याच सेंटरला गेलो. मिरजेला मीटरगेजच्या गाडीत बसलो तेव्हा ट्रंकेवर डोकं ठेवून रडलो होतो. कुणी विचारलं नाही, कारण डब्यातली अर्धी पोरं तेच करत होती.

तुझ्या प्रश्नातला एक भाग तुझ्या लक्षात आलेला दिसत नाही, म्हणून तो पहिला. कागदावरची नावं तपास. आजच. तुझं आधार, दहावीचं सर्टिफिकेट, आईवडिलांचं आधार, बँकेचं पासबुक, सातबारा. आईचं नाव एका ठिकाणी 'लक्ष्मी' आणि दुसरीकडं 'लक्ष्मीबाई' असेल तर ते आत्ताच दुरुस्त करून घे. सेंटरला तुझ्या घरच्यांची नावं आणि जन्मतारखा एकदा सर्व्हिस रेकॉर्डला चढल्या की त्या बदलायला फार फिरावं लागतं. माझ्या बायकोचं नाव रेकॉर्डला एक आणि आधारला एक. पेन्शनच्या वेळी त्या एका वेलांटीसाठी दीड वर्ष एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरलो. कुणाचा दोष म्हणत नाही, पण पाच आठवड्यांत जे होतं ते बेळगावातून होणार नाही.

दुसरं, पैशाचा हिशोब वडिलांसमोर मांड. पहिल्या वर्षी महिना ३०,००० म्हणतात, पण त्यातले ९,००० सेवा निधीत जातात, हातात येतात २१,०००. ही रक्कम दरवर्षी वाढते. चार वर्षांनी सरकारचा तेवढाच वाटा आणि व्याज धरून सुमारे ११ लाख ७१ हजार मिळतात, पेन्शन नाही. पंचवीस टक्क्यांपर्यंत पोरं पुढं कायम होतात. तू त्यात असशील अशी माझी इच्छा आहे, पण घराचं गणित त्यावर मांडू नकोस. चार वर्षं धर. वर्षाला सुट्टी ३० दिवस. म्हणजे खुरपणीला येतो, सुगीला येतो असं काही घरी कबूल करून जाऊ नकोस. आमच्या वेळी सुट्टी जास्त होती, तरी मी बारा वर्षांत दोनच सुग्या पाहिल्या.

म्हशीचं म्हणशील तर विकू नकोस. घरात रोज दुधाचा पैसा येतो तोवर बाईमाणसाला कुणाकडं हात पसरावा लागत नाही. माझ्या आईनं एका म्हशीवर आम्हा तिघांच्या शाळा काढल्या.

आणि एक कर. आपल्या साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावाला जाऊन ये. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण पडले, त्यांचं स्मारक आहे तिथं. पण मी तुला स्मारक बघायला पाठवत नाही. तिथल्या म्हाताऱ्या बायकांशी बोल. नवरा सीमेवर असताना ज्यांनी नांगरटीपासून कोर्टकचेरीपर्यंत सगळं केलं, त्या तुला माझ्यापेक्षा जास्त सांगतील. जमलं तर आईला बरोबर ने.

---

फौजीची_ताई

माझा धाकटा भाऊ २०२३ ला गेला. मी मागं राहिलेल्यांच्या बाजूनं सांगते.

ट्रेनिंगच्या सुरुवातीला त्याला रविवारी फोन मिळायचा, तोही थोडा वेळ. पहिल्या रविवारी आम्ही सगळे फोनभोवती बसलो. फोन आला आणि वडिलांनी विचारलं, "मोटारीचा स्टार्टर ट्रिप होतोय, कुठलं बटण दाबायचं?" तो सांगत राहिला, फोन संपला. तो जेवतोय का, पाय दुखतायत का, काही विचारायचं राहिलंच. आई त्या रात्री वडिलांशी बोलली नाही.

म्हणून एक वही कर. मोटारीचं, स्टार्टरचं, फ्यूज कुठं आहे, वायरमनचा नंबर, डेअरीच्या पगाराची तारीख, सोसायटीचा हप्ता कधी, म्हैस गाभण कधी राहिली, डॉक्टर कोण. तू जे न विचारता करतोस ते सगळं त्यात लिही. नुसतं लिहू नकोस, जायच्या आधी पंधरा दिवस तू बाजूला उभा राहा आणि त्यांना करू दे. चुकू दे. आमच्याकडं हे झालं नाही, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट तुझ्या सिमची. वडिलांच्या बँकेला, आधारला, पीएम किसानला तुझाच नंबर जोडलेला असणार. तू तो नंबर घेऊन गेलास की इथं बहीण केवायसी करायला बसेल आणि ओटीपी बेळगावात ट्रंकेत बंद पडलेल्या फोनवर जाईल. आमचा एक हप्ता असाच अडकला. ते सिम घरी ठेव, बहिणीच्या हातात दे. तू नवा नंबर घे आणि तुझं आधार, तुझं खातं त्या नंबरला जोड.

बहीण दहावीला आहे म्हणून तिच्यावर भार टाकू नये असं तुला वाटेल. मलाही माझ्या भावानं काही सांगितलं नव्हतं. मला त्याचा राग आला होता. तिला विचार तरी.

---

रंगरूट_ते_जवान

भावा, मी सध्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीवर आलोय. ताईंचं सिमचं शंभर टक्के बरोबर.

तू घराचं विचारलंस, पण मी तुझ्या शरीराचं सांगतो, कारण त्याचा घराशी संबंध आहे. लिस्ट लागली की पोरं पळायचं सोडतात. सत्कार, जेवणं, गुलाल. माझ्या बॅरेकमधली जी पोरं असं करून आली, त्यांच्या नडग्या पहिल्या महिन्यात भरल्या. तिथून पोरगं रडत फोन करतं आणि घरी आई जेवण सोडते. पळत राहा, रोज नाही तरी आठवड्यातून पाच दिवस. दाढ किडली असेल तर आत्ताच दाखवून घे. हिंदी बोलायची सवय कर. उस्ताद, म्हणजे ट्रेनिंग देणारा, काय म्हणतोय ते कळलं नाही तर तुझ्यामुळं अख्ख्या स्क्वॉडला रगडा (शिक्षा) लागतो.

पाण्याचा त्रास माझ्या घरी पण होता, फक्त आमच्या विहिरीवर लाईटचं कनेक्शन नव्हतं. आम्ही 'मागेल त्याला सौर कृषी पंप' मध्ये अर्ज केला, शेतकऱ्याचा वाटा साधारण १० टक्के. पण ही योजना पंपाला लाईटचं कनेक्शन नसलेल्यांसाठी आहे, तुमच्याकडं ते आहे, म्हणून जायच्या आधी महावितरणच्या ऑफिसात विचारून घे. आता वडील दिवसा पाणी धरतात.

नॉमिनीच्या फॉर्मबद्दल कुणी घरी बोलत नाही. ४८ लाखांचा विमा असतो, त्याला आपल्या पगारातून काही कापत नाहीत. नाव कुणाचं टाकायचं ते आईवडिलांना सांगून जा. मी सांगितलं नव्हतं. तिकडं फॉर्म समोर आला आणि पेन हातात घेऊन मी बराच वेळ नुसता बसून राहिलो.

---

माणदेशी_१९

काका, ताई, दादा, तुमचं सगळं बहिणीला वाचून दाखवलं. आधी ती रागावली, "मला कुणी विचारलंच नाही" म्हणून. ताई, तुम्ही म्हणालात तसंच झालं.

कागद काढले तर आजोबांचं नाव सातबाऱ्यावर वेगळं आणि वडिलांच्या आधारवर वेगळं निघालं. तलाठी ऑफिसला अर्ज दिलाय. सौर पंपाचं महावितरणला विचारून आलो. सिम बहिणीच्या फोनमध्ये घातलं, तिनं स्वतः लाईटबिल भरलं.

वहीची ३४ पानं झाली. काल रात्री वडील माझ्या शेजारी बसले होते. त्यांना वाचता येतं, पण चष्मा नव्हता. मला म्हणाले, वाच. मी वाचत गेलो. विहिरीच्या पानावर थांबवलं आणि म्हणाले, "फुटव्हॉल्व्ह बसवताना दोरी डाव्या कड्याला बांधायची. तू उजवीकडं लिहिलंयस." ते बरोबर होतं. मी तीन वर्षं चुकीच्या कड्याला बांधत होतो आणि त्यांनी मला कधी टोकलं नव्हतं. मग त्यांनीच अजून नऊ गोष्टी सांगितल्या, मला माहीत नसलेल्या. दोन वाजेपर्यंत बसलो होतो.

म्हैस विकत नाही. वैरणीचा भारा अर्धा बांधायचा असं आईनं ठरवलंय.

---

निवृत्त_हवालदार_सातारा

तलाठ्याकडून पोच घेतलीस ना? पोचेवर तारीख बघ, आणि तिची झेरॉक्स वहीला चिकटवून ठेव.

---

माणदेशी_१९

तारीख नव्हती काका. उद्या सकाळी परत जातो, वडील बरोबर येतो म्हणालेत.